मोठ्या बाई घरी राहिल्या

सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेची मी सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. बाकीच्या शिक्षिका नुसत्या बाई आणि मी मोठ्या बाई. शिपाई, पालक, फाटकासमोरचा पेरूवाला, सगळे मला मोठ्या बाईच म्हणत. मला ते फार आवडायचं, हे आता लपवण्यात काही अर्थ नाही. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की वरच्या मजल्यावरचे वर्ग गप्प होतात, असं शिपाई सांगायचा. मी त्याला 'काहीतरीच' म्हणायची आणि मनातल्या मनात खूश व्हायची.

काम मान मोडेपर्यंत असायचं. त्यात दुष्काळाचं वर्ष आलं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. शाळेत दुष्काळी मदतीतला सुकडीचा खाऊ वाटायचा, पिण्याच्या पाण्याची पिंपं भरून घ्यायची, त्यावर पहारा ठेवायचा, आणि मग उरलेल्या वेळात शिकवायचं. वळसंगकडून एसटीनं येणाऱ्या मुली रिकाम्या पोटी यायच्या आणि प्रार्थनेला उभ्या उभ्या घेरी येऊन पडायच्या. माझ्याबद्दल त्या आपसांत कानडीत कुरकुर करायच्या. माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं मला ती सगळी समजायची, आणि मला समजते हे त्यांच्या बरेच दिवस लक्षात आलं नाही.

गल्लीत टँकर आला की मुलींना घरून निरोप यायचे. मग एकेकीचं पोट दुखायला लागायचं, डोकं दुखायला लागायचं. दुपारनंतर वर्ग निम्मे रिकामे. शेवटी मी नियम केला. ज्या मुलीला मधेच घरी जायचं असेल तिनं वर्गातल्या बाईंची चिठ्ठी आणायची आणि तिच्यावर माझी सही घ्यायची. सही असल्याशिवाय शिपायानं फाटक उघडायचं नाही. सही मी सहसा करत नसे. दहातल्या आठजणींना मी दोन प्रश्न विचारून परत पाठवायची आणि मला वाटायचं, खोटं बोलणारी मुलगी मला चेहऱ्यावरून कळते.

त्या वर्षी माझी मुलगी पाचवीत आली, आमच्याच शाळेत. शिक्षिकांच्या मुलींनी शाळेत आईला बाई म्हणायचं ही आमच्याकडची जुनी रीत. सगळ्याच पाळायच्या, पण सैलपणानं. डबा विसरला की पोरी स्टाफरूमच्या दाराशी येऊन खुशाल आई म्हणून हाक मारायच्या, आणि कुणी मनावर घ्यायचं नाही. मोठ्या बाईंच्या मुलीला तसं चालणार नव्हतं. पहिल्या दिवशी फाटकाच्या अलीकडं थांबवून मी तिला सांगितलं, "इथून आत मी तुझी आई नाही. बाई म्हणायचं, अहोजाहो करायचं. काही लागलं तर वर्गातल्या बाईंना सांगायचं, माझ्याकडं धावत यायचं नाही. कळलं?" तिनं मान हलवली आणि दप्तर सावरत माझ्या मागून दहा पावलांवर चालत आली.

ती फार लवकर शिकली. दोन महिन्यांत घरीसुद्धा तिच्या तोंडून बाई यायला लागलं. एकदा जेवताना म्हणाली, "बाई, तुम्हाला भाकरी वाढू का?" मी हसले. तिचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. त्यांना मी ही गोष्ट कौतुकानं सांगितली. ते काही हसले नाहीत. म्हणाले, "अगं, घरी तरी आई म्हणू दे की तिला." मी म्हटलं, घरी सवय मोडली की शाळेत चुकेल. त्यावर ते गप्प बसले. त्यांचा तो स्वभावच होता, आणि मी तो माझा विजय धरून चालायची.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठून आठ-दहा दिवस झाले होते. जत्रेतून आल्यावर मुलीचा घसा दुखत होता. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि शाळेला पाठवलं. घसा बरा झाला. पुढं वार्षिक तपासणी आली. शिक्षणखात्याचे साहेब दोन दिवस शाळेत ठाण मांडून बसणार होते. हजेरीपट, सुकडीचा साठा, शिलाईच्या वर्गातल्या मशिनी, सगळं चोख ठेवण्यात मी इतकी गुंतले होते की घरात काय शिजतंय याचा मला पत्ता नसे.

तपासणीच्या पहिल्या दिवशी, मधल्या सुट्टीनंतर, माझ्या खोलीच्या दाराशी तीन मुली चिठ्ठ्या घेऊन उभ्या होत्या. पहिल्या दोघींना मी परत पाठवलं, पण त्या दोघी दाराबाहेरच घुटमळत राहिल्या. तिसरी माझी मुलगी. चिठ्ठीवर वर्गातल्या बाईंनी लिहिलं होतं, गुडघे दुखतात, चालवत नाही. मी तिच्याकडं न बघताच विचारलं, "काल संध्याकाळी लंगडी कोण खेळत होतं?" ती म्हणाली, "मी, बाई." "तेव्हा दुखत नव्हते?" "थोडे दुखत होते, बाई." बाहेरच्या दोघी कान टवकारून ऐकत होत्या, हे मला दिसत होतं. त्यांच्यादेखत मी माझ्या मुलीला सही दिली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मी चिठ्ठी परत केली. ती "हो, बाई" म्हणाली आणि वळली. जाताना ती उजवा पाय ओढत होती. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण मी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला अंथरुणातून उठता येईना. गुडघ्याचं दुखणं उतरलं होतं आणि घोटा सुजला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी घोट्याची सूज उतरली आणि मनगट सुजलं. अंगात ताप. आमच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला बाहेरच्या खोलीत नेलं. म्हणाले, "याला संधिवाताचा ताप म्हणतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो. सांधे बरे होतील, त्याची काळजी नाही. पण यानं हृदय धरलंय."

त्यांनी सगळं नीट समजावलं. काही महिने पूर्ण विश्रांती, अगदी स्वतःच्या हातानं केससुद्धा विंचरायचे नाहीत. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "इंजेक्शन चालू असलं तरी घसा दुखला की त्याच दिवशी माझ्याकडं आणायचं. दुसऱ्यांदा हा ताप आला तर हृदयाच्या झडपेचं काही सांगता येत नाही. तिनं सांगायला पाहिजे आणि तुम्ही ऐकायला पाहिजे. औषध एवढंच."

मी चार दिवसांत राजीनामा लिहिला. लोकांना वाटलं, केवढा हा त्याग. संस्थेचे चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "बाई, बिनपगारी रजा घ्या, वर्षभर घ्या, पण हे नको. मुलगी आज ना उद्या बरी होईल. शाळा कोण बघणार?" मी म्हटलं, ज्या बाईला स्वतःच्या मुलीचं दुखणं खरं की खोटं हे कळत नाही तिनं सहाशे मुलींची शाळा कशाला बघायची. ते ओशाळून गेले. मला अजून वाटतं, त्या वाक्यात पश्चात्ताप होता त्याहून जास्त तोरा होता. मी स्वतःला शिक्षा देत होते, आणि तीसुद्धा चार लोकांत मिरवून. निरोपसमारंभाला मी गेले नाही. नारळ आणि साडी शिपायानं घरी आणून दिली.

आता घरी बसून मी काय करावं? मी घराची शाळा केली. पलंगाशेजारच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं. दूध किती वाजता, गोळ्या किती वाजता, वाचून दाखवायचं किती वाजता. रोज सकाळी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून बॅटरीच्या उजेडात तिचा घसा बघायची. ती बिचारी आ करून पडून राहायची. मी मन लावून सगळं करत होते, यात खोट नाही. पण माझं मन तिथं नव्हतं.

शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. अकराची घंटा घरात ऐकू यायची. घंटा झाली की माझा हात जिथं असेल तिथं थांबायचा, भाजी चिरत असले तर विळीवर, आणि प्रार्थना संपेपर्यंत मी तशीच बसायची. प्रार्थना रेंगाळली की माझ्या तोंडून निघून जायचं, "आज कोण घेतंय, कसली ही चाल." संध्याकाळी कधी जुन्या सहकारी बाई यायच्या, नव्या मुख्याध्यापिकांची गाऱ्हाणी सांगायच्या, परीक्षेच्या कामाचं विचारायच्या. त्या असेपर्यंत मला हुशारी यायची. त्या गेल्या की मी पुन्हा कढी ढवळायला लागायची आणि घरात कुणी बोलायचं नाही. त्या पलंगावरून दोन डोळे हे सगळं बघत होते. तिला तरी दुसरं काय काम होतं?

माझ्याशी ती विचारलं तेवढंच बोलायची. शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. त्या घरातल्या काकू दुपारी माग थांबला की सुताच्या कांड्या भरायचं काम हातात घेऊन आमच्याकडं येऊन बसायच्या. त्यांच्याशी मात्र पोरीची टकळी चालायची. मागावर कुठला रंग चढलाय, त्यांच्या सुनेला कितवा महिना आहे, सगळं तिला माहीत. मी आत आले की दोघी गप्प व्हायच्या. काकू मला एकदा म्हणाल्या, "बाई, पोरगी लई शानी हाय तुमची. काही मागत न्हाय की." मला ते तिचं कौतुक वाटलं. मला राग काकूंचा यायचा, त्यांच्याशी बोलते म्हणून, आणि तो राग मी चहा जरा उशिरा देऊन काढायची. इतकी मी क्षुद्र झाले होते.

वर्ष गेलं. दुष्काळ सरला. ती उठून बसायला लागली, मग चालायला, मग वाड्याबाहेरच्या ओट्यावर जायला. डॉक्टर म्हणाले, छातीतला आवाज बराच कमी झालाय, मे अखेरीला पुन्हा तपासू आणि जूनपासून शाळा सुरू करू. घरात जरा उजेड आल्यासारखं झालं. तिच्या वडिलांनी मोडनिंबहून बोरांची पिशवी आणली आणि दोघं ओट्यावर बसून कुणाची बी लांब जाते ते बघत होती.

एप्रिलच्या शेवटी चिटणीस पुन्हा आले. नव्या मुख्याध्यापिका सोडून चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, "जूनपासून येता का?" मुलगी तिथंच पाटीवर चित्र काढत बसली होती. खरं म्हणजे मी तिथल्या तिथं नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "हिला पूर्ण बरं वाटलं पाहिजे. डॉक्टर काय म्हणतात बघू. ते हो म्हणाले तर माझी ना नाही." म्हणताना माझा आवाज कसा होता कोण जाणे. चिटणीस गेल्यावर मी ट्रंक उघडली, शाळेच्या खादीच्या साड्या बाहेर काढल्या आणि त्यांना खळ करून दोरीवर घातल्या. मी बहुतेक गुणगुणतही होते. मुलगी दारात उभी राहून बघत होती. मी तिला विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही. छान दिसतात."

त्या मे महिन्यात डॉक्टर त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी गावाला गेले होते. इंजेक्शनची तारीख आली तेव्हा त्यांचा दवाखाना बंद. मला सरकारी दवाखान्यात जाता आलं असतं. तिथं रांग असायची, उन्हात दोन तास गेले असते, आणि त्याच आठवड्यात शाळेतल्या एक बाई पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाचे कागद माझ्याकडं घेऊन येत होत्या. आम्ही जमिनीवर कागद पसरून तास जुळवत बसायचो. मी ठरवलं, दहा दिवसांनी डॉक्टर येतीलच. मुलीला विचारलं तर तीही म्हणाली, "चालेल की, मला बरं आहे." बॅटरी तर मी केव्हाच फडताळात ठेवून दिली होती. रोज सकाळी कागदांतून मान वर करून विचारायची, "घसा?" ती म्हणायची, "ठीक." एवढ्यावर आमचं भागत होतं.

मे संपत आला होता. डॉक्टर परतले होते, इंजेक्शनही झालं होतं. एके दिवशी सकाळी काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "बाई, पोरीचा घसा गेला का आता?"

मी विचारलं, कसला घसा.

"मागं आमच्या मोरीत येऊन मीठपाण्याच्या गुळण्या करत हुती की. पाच-सा दिस केल्या. मी म्हटलं, आईला सांगितलंस का, तर व्हय म्हणाली. आईनंच पाठवलंय म्हणाली."

मी घरात धावले. ती जिन्यावर बसली होती. गच्चीवरून वाळवणाची पाटी खाली आणायला गेली होती आणि चार पायऱ्यांवरच बसून राहिली होती. पाटी मांडीवर, ओठ पांढरे, आणि गळ्याजवळची शीर उडत होती. मला बघून तिनं श्वास धरून ठेवायचा प्रयत्न केला. दम लागलेला मला दिसू नये म्हणून. मी पाटी बाजूला ठेवली आणि तिला तशीच डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी नळी लावली. या वेळी ते फार वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी नळी कानातून काढली, घडी करून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "घसा कधी दुखत होता?" मी सांगितलं, मला माहीत नाही. हे वाक्य मी त्यांच्यासमोर म्हटलं. घरी बसून, दुसरं काही काम नसताना, मला माहीत नव्हतं.

तिला दवाखान्यात ठेवलं. तिचे वडील कुर्डुवाडीहून दुपारच्या गाडीनं आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढं आम्ही तिला पुण्यालाही दाखवलं. झडप आखडून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनीही आमच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं, ती आता पूर्वीसारखी होणार नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. दुपारची वेळ होती, खिडकीला ओला पंचा लावला होता. मी तिला मोसंबीचा रस पाजत होते. न राहवून मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिनं मान खिडकीकडं वळवली.

"मी रागावले असते का? अगं, मी त्यासाठीच तर घरी बसले ना?" माझा आवाज चढत होता आणि मला तो आवरत नव्हता. "मी आता कुठंही जाणार नाही. चिटणिसांना कळवलंय. जूनमध्ये नाही, कधीच नाही. ऐकलंस?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग तशीच, डोळे न उघडता, ती म्हणाली, "मला माहीत होतं, सांगितलं की तुम्ही जाणार नाही. म्हणून नाही सांगितलं."

पेला माझ्या हातात तसाच राहिला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला विचारलं, काय झालं, का रडताय. मी तिला काय सांगणार होते? अकरा वर्षांच्या मुलीनं मला माझी नोकरी परत मिळवून द्यायचं ठरवलं होतं. ती बरी आहे असं सगळ्यांना दिसलं की मी शाळेत जाईन आणि घरात पुन्हा गुणगुणेन, एवढा साधा तिचा हिशेब होता. आणि तो तिला मीच शिकवला होता, रोज अकरा वाजता.

त्यानंतर ती चार वर्षं आमच्यात होती. ती चार वर्षं मी खरोखर घरी राहिले. घंटा झाली तर मी बोलत राहायची, काम करत राहायची, तोंडावर काही दिसू नये म्हणून जपायची. तिनंही काही लपवलं नाही. दम लागला, पाय सुजले, उशीला टेकूनसुद्धा श्वास पुरेना, सगळं सांगायची. फक्त सांगायच्या आधी, दर वेळी, ती माझ्या चेहऱ्याकडं बघून घ्यायची.